चुंबकीय वाळू: तपासणीत भरलेला ग्रेड प्लांटमध्ये का उतरत नाही?

काळ्या वाळूतून मॅग्नेटाइट हे लोहखनिज चुंबकाने वेगळं करणाऱ्या प्लांटवर ग्रेडची, म्हणजे मालातल्या टक्केवारीची, तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. बोअरहोलच्या नमुन्यांत चुंबकीय भाग २० टक्के दाखवला होता, प्लांटमधून मात्र १६ टक्केच कॉन्सन्ट्रेट (चुंबकाने वेगळा काढलेला माल) निघतंय. किंवा वजन बरोबर जुळतंय, पण लोह कागदावर ५८ टक्के आणि ढिगात ५२. मग सेपरेटरच्या फिरत्या ड्रममधलं चुंबक कमजोर झालंय का, पाणी कमी पडतंय का, ऑपरेटरने फीड (यंत्रात सोडायची वाळू) जास्त सोडलं का, अशी चौकशी सुरू होते. सेपरेटर उघडला जातो, ड्रम आणि टाकी यांतलं अंतर बदललं जातं, थोडे दिवस आकडे सुधारल्यासारखे वाटतात आणि मग पुन्हा मूळपदावर येतात. साठ्याच्या पुढच्या खंडात खाणकाम सरकलं की तीच तक्रार नव्याने उभी राहते.

ही चौकशी उलट्या टोकाकडून होते, असं माझं ठाम मत आहे. आधी नमुना बघायचा, मग तपासणीची पद्धत, मग खनिज आणि सर्वांत शेवटी यंत्र. तपासणीचा आकडा आणि प्लांटचा आकडा पुष्कळदा एकाच गोष्टीबद्दल बोलतच नसतात. ते जुळावेत ही अपेक्षाच चुकीची असते आणि त्यापायी प्लांटवरची माणसं विनाकारण बोलणी खातात.

आधी लक्षण नीट ओळखा

"ग्रेड येत नाही" एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. नेमकं काय कमी आहे ते लिहून काढा. कॉन्सन्ट्रेटचं वजन कमी आणि त्यातलं लोह ठीक, असं असेल तर चुंबकीय कण कुठेतरी निसटत आहेत, किंवा ते मुळात तेवढे नव्हतेच. वजन ठीक आणि लोह कमी असेल तर कॉन्सन्ट्रेटमध्ये क्वार्ट्झ किंवा सिलिकेट अडकून येतंय, नाहीतर कणच जोड-कण (मॅग्नेटाइट आणि सिलिकेट एकाच कणात जुळलेले) आहेत. लोह कमी, सिलिका कमी आणि टायटेनियम मात्र जास्त असेल, तर यंत्राला हात लावायची गरज बहुधा नाही. तो खनिजाचा स्वभाव आहे. आणि एकाच खड्ड्यातल्या वाळूचे आकडे पाळीगणिक वरखाली होत असतील, तर मी सरळ नमुना घेणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहायला सांगेन.

सिलिका आणि टायटेनियम यांचे आकडे नसताना नुसत्या लोहाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. ५२ टक्के लोह दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतं आणि दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

एकूण लोह आणि मॅग्नेटाइटमधलं लोह

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

काळ्या वाळूतलं सगळं लोह मॅग्नेटाइटमध्ये नसतं. पायरॉक्सीन, हॉर्नब्लेंड, ऑलिव्हिन, गार्नेट, इल्मेनाइट, हेमेटाइट या सगळ्यांत लोह असतं. कमी तीव्रतेच्या चुंबकाला यांतलं जवळपास काहीच लागत नाही. प्रयोगशाळा मात्र 'एकूण लोह' मोजते आणि रिकव्हरीचा (फीडमधलं किती हाती आलं याचा) हिशोब त्याच आकड्यावर मांडला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फीडमध्ये लोह २० टक्के, कॉन्सन्ट्रेटमध्ये ५७ आणि टेलिंगमध्ये (उरलेल्या टाकाऊ वाळूत) ८. कॉन्सन्ट्रेटचं वजन काढण्यासाठी फीडमधून टेलिंग वजा करा, म्हणजे १२. कॉन्सन्ट्रेटमधून टेलिंग वजा करा, म्हणजे ४९. १२ भागिले ४९ म्हणजे साधारण २४.५ टक्के. लोहाची रिकव्हरी होते २४.५ गुणिले ५७ भागिले २०, म्हणजे जेमतेम ७० टक्के. हा आकडा बैठकीत मांडला की सगळ्यांचे चेहरे पडतात. तीस टक्के लोह वाया!

आता तेच टेलिंग डेव्हिस ट्यूबमधून (प्रयोगशाळेतल्या, चुंबकीय भाग मोजणाऱ्या नळीतून) काढा. समजा त्यात चुंबकीय भाग फक्त १ टक्का निघाला आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये ९५ टक्के. मग मूळ फीडच्या १०० भागांपैकी सुमारे २३.३ भाग चुंबकीय खनिज कॉन्सन्ट्रेटमध्ये गेलं आणि टेलिंगमध्ये पाऊण भाग. चुंबकीय खनिजाची रिकव्हरी झाली ९७ टक्के. प्लांट उत्तम चाललाय. टेलिंगमधलं ते ८ टक्के लोह जवळजवळ सगळं सिलिकेट आणि इल्मेनाइटचं आहे. ते या ड्रमवर कधीच आलं नसतं आणि मॅग्नेटाइट म्हणून त्याची किंमतही कुणी दिली नसती.

म्हणून पहिला उपाय हाच: फीड, कॉन्सन्ट्रेट आणि टेलिंग या तिन्हींवर एकूण लोहासोबत चुंबकीय भागाची टक्केवारीही काढायला लागा. हे एवढं केल्यावरच बऱ्याच ठिकाणची तक्रार मिटते.

टक्के, पण कशाचे?

यानंतर टक्केवारीचा पाया तपासा. प्रयोगशाळेत नमुना वाळवला जातो. प्लांटच्या पट्ट्यावरचा काटा ओल्या वाळूचं वजन करतो. वाळूत ८ टक्के ओल असेल तर १०० टन ओल्या वाळूत कोरडा माल ९२ टन. कोरड्या मालाचे २० टक्के म्हणजे १८.४ टन चुंबकीय खनिज. ओल्या वजनावर २० टक्के धरून बसलेल्याला १.६ टन चोरीला गेल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेने नमुना तपासणीआधी चाळला होता का? शिंपले, खडे आणि मुळ्या काढण्यासाठी १ किंवा २ मिलिमीटरची चाळणी आणि गाळ काढण्यासाठी ४५ किंवा ६३ मायक्रॉनची चाळणी वापरायची पद्धत सर्रास आहे. मग अहवालातला चुंबकीय भाग चाळून उरलेल्या वाळूचा आहे की मूळ नमुन्याचा, हे अहवालात लिहिलेलं असतंच असं नाही. १५ टक्के माल चाळणीत गेला असेल तर २० टक्क्यांचे प्रत्यक्षात १७ होतात. समुद्रकाठच्या वाळूत मीठही असतं. न धुता वाळवलेल्या नमुन्यात त्याचं वजन खनिजाच्या खात्यात जमा होतं. प्रयोगशाळेला फोन करून हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, तरी ते सर्वांत शेवटी विचारले जातात.

नमुना

मॅग्नेटाइटची घनता ५.२ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. म्हणजे ही वाळू हलली, सांडली, ओतली किंवा वाहिली की स्वतःच्या स्वतःच वेगळी होत जाते. लाटांनी आणि वाऱ्याने ती मुळात तशीच साचलेली असते: काळे पट्टे, मध्ये फिकी वाळू, पुन्हा काळा पट्टा. वादळानंतर किनाऱ्याचा वरचा थर काळाकुट्ट दिसतो, कारण हलके कण लाटांनी ओढून नेलेले असतात. त्या वरच्या थरातून फावडंभर उचललेला नमुना खालच्या चार मीटर वाळूबद्दल काहीच सांगत नाही. नमुना पट्ट्यांना आडवा, वरपासून खालपर्यंत, सारख्या रुंदीचा कापायला हवा.

हाताने फिरवायचा ऑगर (गिरमिट) पाण्याच्या पातळीच्या वर बरं काम करतो. पातळीखाली गेलं की भोकाच्या भिंती ढासळतात, वरची वाळू खाली येते आणि ऑगर वर ओढताना पाण्यासोबत काही कण निसटून जातात. कुठले कण निसटतील ते त्यांच्या वजनावर आणि आकारावर ठरतं, म्हणून चूक नेहमी एकाच दिशेची राहते आणि सरासरी काढूनही जात नाही. पाण्याखालच्या वाळूसाठी एअरकोअर किंवा सॉनिक ड्रिलिंगसारखी बंद नळीची पद्धत वापरावी. ते शक्य नसेल तर निदान पाण्याच्या वरचे आणि खालचे नमुने वेगळे ठेवावेत, म्हणजे कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं ते कळतं.

पिशवी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आणखी एक गोष्ट होते. सुपात धान्य पाखडावं तशी ती कोरडी वाळू रस्ताभर पाखडली जाते आणि जड काळे कण तळाशी बसतात. तिथल्या माणसाने वरून चमचाभर वाळू घेतली की ग्रेड कमी लागतो. पिशवी उलटी करून घेतली की जास्त. नमुना किंचित ओलसर असताना घोळून मिसळणं आणि मग वाळवून रिफल (पाकळ्यांची विभागणी-पेटी) किंवा फिरत्या स्प्लिटरने विभागणं हा त्यावरचा उपाय आहे. रिफलवर वाळू एका कोपऱ्यातून न ओतता पूर्ण रुंदीच्या तसराळ्यातून सावकाश सोडावी. ढीग करून चार भाग पाडण्याची जुनी पद्धत या वाळूसाठी मला मान्य नाही. ढिगाच्या उतारावरून कण घरंगळतात तेव्हाच ते वेगळे होतात.

लोक मात्र वेगळीच शंका घेतात: नमुना फार लहान तर नाही ना? फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर गी यांनी १९५० च्या दशकापासून मांडलेल्या नमुनाशास्त्राच्या सिद्धांतानुसार मूलभूत चुकीचं प्रचरण (व्हेरियन्स) कणाच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असतं. आपली वाळू बारीक आहे. ०.२ मिलिमीटरचा मॅग्नेटाइटचा कण सुमारे ०.०२ मिलिग्रॅमचा. १० ग्रॅम नमुन्यात २० टक्के मॅग्नेटाइट असेल तर जवळपास ९० हजार कण झाले. इतक्या कणांवर निव्वळ योगायोगाची चूक आकड्याच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. म्हणजे १० ग्रॅम पुरेसे आहेत. प्रश्न आहे तो ते १० ग्रॅम पिशवीतून कसे निवडले याचा. (झिरकॉन किंवा मोनाझाइटसारखं विरळ खनिज मोजायचं असेल तर हे गणित लागू नाही, तिथे कण कमी असतात आणि नमुना मोठाच हवा.)

आणखी एक बारीक गोष्ट फार थोड्या ठिकाणी पाळली जाते. रिफल, घमेलं आणि चमचा साध्या लोखंडाचे असतील तर कालांतराने त्यांच्यात थोडं चुंबकत्व मुरतं. मग काळे कण रिफलच्या पाकळ्यांना चिकटून राहतात आणि पुढच्या नमुन्यात उतरतात. ॲल्युमिनियम, प्लास्टिक किंवा चुंबकाला न चिकटणारं स्टेनलेस स्टील वापरा आणि दर नमुन्यानंतर ब्रश फिरवा. अधूनमधून शुद्ध पांढरी वाळू त्याच रिफलमधून काढून तिचा चुंबकीय भाग मोजा. तो शून्याच्या जवळ नसेल तर दोष तिथेच सापडला.

हे सगळं ठीक आहे की नाही याचा पुरावा म्हणजे जोडनमुने. ठरावीक अंतराने, म्हणजे वीसेक नमुन्यांमागे एकदा, त्याच जागचा दुसरा नमुना घ्या, त्याच पिशवीचा दुसरा भाग पाठवा आणि त्याच पावडरची तपासणी पुन्हा करून घ्या. तीन पायऱ्या, तीन फरक. जागेच्या जोडीत फरक मोठा आणि पावडरच्या जोडीत नगण्य असेल तर हा फरक तपासणीतून आलेला नाही. आणि जागेच्या जोडीतला फरकच जर तुमच्या तक्रारीच्या आकड्याएवढा असेल, तर तक्रारीला अजून आधारच नाही.

चुंबक कोणतं, आणि नमुना दळला होता का?

जागेवर, किनाऱ्यावर सगळे हातचुंबक वापरतात. त्यात काही गैर नाही, पण कोणतं चुंबक? साधं फेराइट चुंबक मॅग्नेटाइट उचलतं. निओडिमियमचं चुंबक वाळूला टेकवलं तर इल्मेनाइट आणि काही गार्नेटही उचलतं. दोन सर्वेक्षकांकडे दोन चुंबकं असली की एकाच वाळूचे दोन ग्रेड तयार. संपूर्ण प्रकल्पात एकच प्रकारचं चुंबक, प्लास्टिकच्या सारख्या जाडीच्या आवरणात आणि वाळूपासून सारख्या अंतरावर वापरायचं असा नियम करा.

चुंबक ढिगात खुपसून वर काढलं की काळ्या केसाळ झुपक्यात पांढरे कणही अडकून येतात. ते मॅग्नेटाइट नाही. झुपका कोऱ्या कागदावर सोडा, पसरा, पुन्हा उचला. कागदावर पांढरं काही उरेनासं झालं की थांबा. पाण्याच्या ताटलीत केलं तर आणखी स्वच्छ निघतं.

डेव्हिस ट्यूब याच कामाचं प्रमाणित रूप आहे: सुमारे ४५ अंशांत कललेली काचेची नळी, बाहेर विद्युतचुंबकाचे दोन ध्रुव, आतून पाण्याचा प्रवाह आणि नळीची सततची हालचाल. पण तिचं चुंबकक्षेत्र सहसा ३००० ते ४००० गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकक्षेत्राचं एकक) नेता येतं, तर कमी तीव्रतेच्या ओल्या ड्रमच्या पृष्ठभागावर ते बहुधा १००० गॉसच्या आगेमागे असतं आणि ड्रमपासून दूर जावं तसं झपाट्याने घटतं. ज्या कणाच्या पोटात मॅग्नेटाइटचा छोटासा ठिपका आहे आणि बाकी सगळं फेल्डस्पार आहे, तो कण ट्यूब पकडते, ड्रम सोडतो. म्हणून वजन ट्यूबमध्ये जास्त आणि प्लांटमध्ये कमी. ट्यूबचा करंट कमी करून दोन-तीन क्षेत्रांवर तोच नमुना चालवा. ज्या क्षेत्राला ट्यूबचं वजन आणि प्लांटचं वजन जुळतं तो तुमच्या प्लांटचा खरा आरसा. पुढच्या सगळ्या बोअरहोलसाठी तेच क्षेत्र ठेवा.

आणि हा प्रश्न तर विचाराच: ट्यूबमध्ये टाकण्याआधी नमुना दळला होता का? कठीण खडकातल्या मॅग्नेटाइटवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा सवयीने नमुना ७५ मायक्रॉनच्या खाली दळून मगच ट्यूबमध्ये घालतात, कारण तिथला प्लांटही दळूनच वेगळं करतो. वाळूच्या प्लांटमध्ये गिरणी नसते. दळलं की जोड-कण फुटतात, सिलिकेट सुटतं आणि कॉन्सन्ट्रेट ६० च्या वर छान दिसतं. न दळता तोच नमुना ५४ वर अडकेल. कागदावरचे ५८ आणि ढिगातले ५२ यांचं इतकं साधं कारण मी अनेकदा पाहिलंय. वाळूचा नमुना जसा आहे तसाच चालवा. दळून काढलेला आकडा हवा असेल तर तो वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्हींतला फरक हीच जोड-कणांची मोजणी आहे, तेवढ्यासाठी ती उपयोगीही आहे.

धातुकच वेगळं असेल तर

शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोह ७२.४ टक्के. पण ज्वालामुखीजन्य वाळूत सहसा टायटॅनोमॅग्नेटाइट असतं. त्याच्या स्फटिकात टायटेनियमने लोहाची जागा घेतलेली असते. कोणतंही चुंबक, कोणताही स्पायरल (घनतेनुसार कण वेगळे करणारी वळणदार पन्हळ), कोणतीही बारीक दळण ते टायटेनियम बाहेर काढू शकत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची प्रसिद्ध काळी वाळू तारानाकी ज्वालामुखीच्या अँडेसाइट खडकांतून आलेली आहे आणि तिच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये टायटेनियम डायऑक्साइड सुमारे ८ टक्के असतं. तिथल्या ग्लेनब्रुकचा पोलाद कारखाना हे वास्तव स्वीकारूनच उभा राहिला. तिथे झोतभट्टीऐवजी फिरत्या भट्टीत क्षपण करून (खनिजातला प्राणवायू काढून) मग विजेच्या भट्टीत वितळवण्याचा मार्ग निवडला गेला. जपानमधल्या तातारा या पारंपरिक लोहभट्टीचे कारागीरही लोहवाळूचे दोन प्रकार वेगळे ठेवत: कमी टायटेनियमची मासा आणि जास्त टायटेनियमची आकोमे. चुंबकाला दोन्ही चिकटतात, भट्टीत मात्र दोघींचं वागणं निराळं. चुंबकीय टक्केवारी हा धातुकाच्या गुणवत्तेचा अर्धाच भाग आहे हे त्यांना उपकरणांशिवाय कळलं होतं.

तेव्हा कॉन्सन्ट्रेटमधली सिलिका कमी आणि टायटेनियम जास्त असेल तर त्या खंडाचा कमाल ग्रेड ठरलेलाच आहे असं समजा. फक्त एक पडताळा घ्या: ते टायटेनियम सुट्या इल्मेनाइटच्या कणांचं तर नाही? ते सुटे कण चुंबकक्षेत्र कमी करून बाहेर ठेवता येतात. पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की लगेच कळतं. मॅग्नेटाइटच्या कणात इल्मेनाइटच्या काही मायक्रॉन जाडीच्या पट्ट्या दिसल्या तर वाळूच्या पातळीवर त्याला इलाज नाही.

उलट तक्रारही असते: लोह एकूण तेवढंच, पण चुंबकीय भाग घटलाय. जुन्या, उंचावरच्या, लालसर झालेल्या वाळूत हे दिसतं. मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होऊन हेमेटाइट बनतं, कणाचा आकार तोच राहतो, चुंबकत्व मात्र जातं. हे ओळखायला फेरस ऑक्साइडचं टायट्रेशन स्वस्त आणि चांगलं आहे. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये फेरस ऑक्साइड ३१ टक्के, म्हणजे लोहाशी त्याचं गुणोत्तर ०.४३. चुंबकीय भागात हे गुणोत्तर बरंच खाली गेलं तर ऑक्सिडीकरण झालंय. वर गेलं तर इल्मेनाइट किंवा लोहयुक्त सिलिकेट मिसळलेलं असू शकतं, कारण इल्मेनाइटमध्ये ते १.२९ च्या घरात असतं. दोन्ही एकत्र असले तर एकमेकांना झाकतात, म्हणून टायटेनियमचा आकडा शेजारी ठेवूनच वाचा. नमुना पोलादी भांड्यात दळला असेल तर भांड्याचं झिजलेलं लोह हे गुणोत्तर बिघडवतं.

अहवाल वाचताना आणखी दोन गोष्टींनी दचकू नका. तापवल्यावरची घट ऋण आली, म्हणजे वजन वाढलं, तर ती प्रयोगशाळेची चूक नाही. मॅग्नेटाइट हवेत तापून हेमेटाइट होतं तेव्हा प्राणवायू घेतं; शुद्ध मॅग्नेटाइटचं वजन जवळपास ३.५ टक्के वाढतं. याच कारणाने सगळं लोह फेरिक ऑक्साइड धरून लिहिलेल्या ऑक्साइडांची बेरीज १०० च्या वर जाते. हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या) यंत्राने पिशवीवर धरून घेतलेल्या वाचनाबद्दल मात्र सावध राहा: ओल आकडा खाली ओढते, किरण फक्त यंत्राच्या खिडकीलगतचा पातळ थर पाहतात आणि त्या थरात जड कण साचलेले असतात की हलके, हे पिशवी कशी धरली त्यावर ठरतं. खंडांची तुलना करायला ते चालेल, विक्रीच्या करारासाठी नाही. सॅटमॅगनसारख्या, चुंबकत्वावरून मॅग्नेटाइट मोजणाऱ्या उपकरणाला तुमच्याच वाळूचे, डेव्हिस ट्यूबने मोजलेले नमुने दाखवून कॅलिब्रेट करा. टायटॅनोमॅग्नेटाइटची चुंबकीय संपृक्तता (कमाल चुंबकत्व) शुद्ध मॅग्नेटाइटपेक्षा कमी असते, त्यामुळे कारखान्याच्या सेटिंगवर ते नेहमी कमी दाखवणार.

आता सेपरेटर

इथवर सगळं तपासून झालं आणि तरी फरक उरलाच, तर सेपरेटर खुशाल उघडा. पण आधी टेलिंगच्या प्रवाहातून, प्रवाह पूर्ण आडवा कापून, नमुना घ्या आणि त्यातला चुंबकीय भाग चाळणीवर आकारानुसार वेगळा करून बघा. निसटणारं मॅग्नेटाइट सगळं बारीक, ४० मायक्रॉनच्या खालचं असेल तर पाण्याचा वेग आणि टाकीची रचना बघा. सगळ्या आकारांचं सारखंच निसटत असेल तर फीड जास्त आहे, किंवा ड्रम आणि टाकी यांतलं अंतर वाढलंय, किंवा आतल्या चुंबकाचा कोन सरकलाय. गॉसमीटरने ड्रमच्या रुंदीभर वाचनं घ्या. एका टोकाला कमी भरलं तर चुंबकाचा तुकडा आत सुटलेला असू शकतो.

कॉन्सन्ट्रेटमध्ये पांढरे कण येत असतील तर चुंबकीय गुठळ्यांचा संशय घ्या. मॅग्नेटाइटचे कण एकदा चुंबकाजवळून गेले की थोडं चुंबकत्व बाळगतात, एकमेकांना धरतात आणि मध्ये सापडलेल्या क्वार्ट्झला सोडत नाहीत. क्षेत्र वाढवून हे सुधारत नाही, उलट बिघडतं. रफर (पहिला सेपरेटर) आणि क्लीनर (त्याचा माल पुन्हा साफ करणारा) यांच्यामध्ये चुंबकत्व उतरवणारी कॉइल बसवा, क्लीनरचं क्षेत्र रफरपेक्षा कमी ठेवा आणि धुवायचं पाणी वाढवा.

कोरड्या सेपरेटरवर तापमान विसरलं जातं. ड्रायरमधून आलेली गरम वाळू थेट ड्रमवर पडते. फेराइट चुंबकाची शक्ती दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घटते. म्हणजे चुंबकाचं तापमान ५० अंशांनी वाढलं तर १० टक्के शक्ती गेली. ती थंड झाल्यावर परत येते, म्हणून सकाळची पाळी चांगली आणि दुपारची वाईट असं विचित्र चित्र दिसतं. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाला ८० अंशांच्या वर नेलं तर काही शक्ती कायमची जाते. शिवाय वाळूही बदलते: शुद्ध मॅग्नेटाइटचं चुंबकत्व ५८० अंशांच्या आसपास संपतं, पण टायटेनियम वाढत गेलं की ही मर्यादा झपाट्याने खाली येते आणि जास्त टायटेनियमचे कण ड्रायरच्या तापमानालाच ढिले पडू शकतात. वाळू ड्रमवर पोचते तिथे थर्मामीटर लावा.

टनांचा हिशोब

एक कारण असं आहे की ते नमुन्यात सापडत नाही, प्रयोगशाळेत सापडत नाही आणि सेपरेटरमध्येही सापडत नाही. साठ्याचं आकारमान टनांत बदलताना संपूर्ण क्षेत्राला एकच घनता लावलेली असते. वाळूतल्या पोकळ्या ४० टक्के आणि बाकी सगळं क्वार्ट्झ धरलं, तर १० टक्के मॅग्नेटाइटच्या कोरड्या वाळूची घनता घनमीटरला सुमारे १.६७ टन येते. ४० टक्के मॅग्नेटाइटच्या वाळूची १.९८ टन. फरक १८ टक्क्यांच्या पुढे. सरासरी घनता लावली की गरीब खंडांत टन फुगतात आणि श्रीमंत खंडांत आटतात. प्लांट गरीब खंडावर असताना "माल कमी निघतोय" आणि श्रीमंत खंडावर आल्यावर "अंदाजापेक्षा जास्त निघतोय" अशी आलटून पालटून तक्रार येत असेल, तर ठरावीक आकारमानाची नळी प्रत्येक थरात ठोकून, ती वाळू वाळवून आणि वजन करून घनता मोजा, तिच्याशेजारी त्याच वाळूचा चुंबकीय भाग लिहा आणि दोन्हींचा आलेख काढा. त्या आलेखावरून प्रत्येक खंडाला स्वतःची घनता देता येते आणि अंदाज नव्याने मांडता येतो.